पांढरी काठी हातात आणि मोबाइल वाचतोय, म्हणजे नाटक?

हातात पांढरी काठी असलेला माणूस ट्रेनमध्ये मोबाइलवर मेसेज वाचताना दिसला की आजूबाजूला कुजबुज सुरू होते, दिव्यांगांच्या डब्यात जागा मिळावी म्हणून अंध असल्याचं नाटक करतोय म्हणे. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला वाचता येतं हेही खरं आणि काठीशिवाय चालता येत नाही हेही खरं. हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही, डोळ्याचा पडदा कसा असतो एवढं माहीत असलं तरी पुरे.

पडदा म्हणजे रेटिना, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. मध्यावर साधारण साडेपाच मिमीचा मॅक्युला, त्याच्याही मध्ये जेमतेम दीड मिमीचा एक खळगा, फोव्हिया. आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा ओळखतो ते याच्या जोरावर. तिथे बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीवाटीने बसलेल्या, अगदी मधोमध अंधुक उजेडात काम करणारी दंडपेशी एकही नाही, रक्तवाहिन्याही नाहीत, वरचे थरसुद्धा बाजूला सरकलेले, त्यामुळे प्रकाश थेट पेशींवर पडतो आणि एकेका शंकूपेशीला मेंदूकडे जायला जवळजवळ स्वतंत्र लाइन मिळते. सगळ्या पडद्याच्या एक टक्क्याहूनही लहान असा हा खळगा, पण मेंदूत नजरेचं काम जिथे चालतं तिथली जवळपास निम्मी जागा याच्यासाठी राखलेली!

बाजूच्या पडद्याचं काम वेगळं. पडद्यात एकूण दंडपेशी 12 कोटींच्या घरात, शंकूपेशी 60 लाखांच्या आसपास. बाजूला अनेक दंडपेशींचे सिग्नल एकाच लाइनवर गोळा होतात, म्हणून बारकावे जातात पण अंधुक उजेडातही दिसतं आणि कडेने आलेली रिक्षा नजर न वळवता कळते. आकाशदर्शनवाल्यांना विचारा, देवयानी दीर्घिका, म्हणजे अँड्रोमेडा गॅलेक्सी, बघायची तर नजर जरा बाजूला ठेवायची, थेट रोखलीत की ती पुसट होते. आणि या ओळीतल्या एकाच शब्दावर नजर ठेवून चार ओळी खालचं वाचून बघा, नाही जमणार.

आता रेटिनायटिस पिगमेंटोसा या पडद्याच्या आजारात बहुतेक वेळा आधी दंडपेशी जातात. सुरुवातीला संध्याकाळनंतर दिसेनासं होतं, मग बाजूची नजर आवळत जाते, मधलं मात्र कितीतरी वर्षं शाबूत राहतं. असा माणूस पेपर वाचतो आणि पायाशी ठेवलेल्या बादलीला धडकतो. आपल्या 2016 च्या दिव्यांग कायद्यातही चांगल्या डोळ्याच्या नजरेचा आवाका 10 अंशांपेक्षा कमी उरला तर ते अंधत्वच धरलंय, मग डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येत असली तरी. कायद्याला कळलं, डब्यातल्या लोकांना नाही.

माझ्या मावशीचं बरोबर उलटं. वयामुळे तिचा मॅक्युला खराब झालाय. घरभर एकटी फिरते, खिडकीबाहेर कोणी हललं की तिला आधी कळतं, पण समोर उभ्या माणसाचा चेहराच दिसत नाही, मान तिरकी करून कडेने बघते. आणि घरातलेच म्हणायचे, "मावशी, खाली पडलेलं फुलपात्र बरं दिसतं तुला, आणि मी दिसत नाही होय?" वाईट वाटतं हो. म्हाताऱ्या माणसाने असं नाटक का करावं? आता आम्ही खोलीत शिरताना आधी आपलं नाव सांगतो, तेवढ्यानेही तिचा चेहरा खुलतो.

अजून एक कळकळीने सांगते. चष्म्याच्या दुकानात "सिक्स बाय सिक्स आहे" म्हणाले की आपण खूश, पण तो तक्ता फक्त मधल्या खळग्याची परीक्षा घेतो. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होऊन बाजूची नजर हळूहळू जाते, काळा डाग वगैरे काही दिसत नाही कारण रिकामी जागा मेंदूच भरून काढतो, आणि तक्ता मात्र बराच काळ वाचता येतो. डायबेटिस असेल, मायनस नंबर मोठा असेल, घरात कोणाला काचबिंदू असेल तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्याच, काचबिंदूसाठी डोळ्याचं प्रेशर आणि बाजूची नजर तपासणारी फील्ड टेस्टही करा. आणि अचानक डोळ्यापुढे ढीगभर काळे ठिपके आले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने सावली सरकायला लागली तर पडदा सुटत असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोमवारची वाट बघू नका. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा गाडी स्वतः चालवत जाऊ नका, कोणाला तरी सोबत घ्या.