प्रश्न दाव्याच्या आधीचा आहे
विमा व्यावसायिकाच्या नीतीची परीक्षा दावा निकाली काढताना होते, हे लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा चिखलाने माखलेली बिलबुके चाळत दाव्यासाठी नुकसान मोजणाऱ्या सर्वेक्षकांवर राग निघणे स्वाभाविकच होते. परंतु १० लाखांचा माल असताना हप्ता कमी बसावा म्हणून विमा ५ लाखांचाच उतरवला असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीपोटी सरासरीच्या अटीनुसार (मालाच्या जितक्या हिश्श्याचा विमा, नुकसानीच्या तितक्याच हिश्श्याची भरपाई) २ लाखच हाती पडतात, आणि हे गणित पॉलिसी विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. (पूर्ण रकमेचा, म्हणजे जास्त हप्त्याचा विमा सुचवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या एजंटाकडे जाईल ही त्याची भीती खोटी नाही.) तरीही नूतनीकरणाच्या वेळी, निदान मिरगाआधी, साठ्याचा ताजा आकडा विचारून ही अट दुकानदाराला मराठीत समजावण्यापासून त्याला कोणीही अडवलेले नाही.