डिग्री नंतर बघा, आधी हातात बोअर गेज द्या

सीएनसी शॉपमध्ये (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या कारखान्यात) सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, किंवा क्वालिटी, म्हणजे मापं तपासणारा, यांची जागा निघाली की जाहिरातीत ठरलेली ओळ असते: 'बीई मेकॅनिकलच हवा.' का हवा, हे विचारलं की उत्तर येत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा १०० मिमी बोअरचा (आतल्या गोल भोकाचा) जॉब, म्हणजे मशीनवर करायचा भाग, घ्या; हे भोक बोअर गेजने मोजतात. एच७ ही त्याच्या मापात चालणारी सूट, म्हणजे ० ते +३५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अ‍ॅल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन फुगतं. म्हणजे जॉब सेटिंग रिंगपेक्षा (गेज जिच्यावर शून्याला लावतात ती रिंग) १० अंश गरम असला, तर बोअर २३ मायक्रॉन मोठा दिसणार. गेजवर +३०, खरं माप +७. नवा इंजिनिअर घाबरून ऑफसेटमध्ये (मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत) २० कमी करतो. पुढचे जॉब थंड झाले की -१३, गो गेज (बरोबर भोकात शिरायलाच हवा तो) आत शिरत नाही आणि अख्खी ट्रॉली रीवर्कला. आयटीआयचा जुना टर्नर (लेथ चालवणारा) हे करणार नाही. 'गरम माप आहे, वीस सोडून धरा,' म्हणेल आणि पुढच्या जॉबला लागेल.

पण अनुभवाचीही आरती ओवाळू नका. हाच टर्नर उद्या स्टीलवर आला की वीसच सोडतो. स्टील फुगतं जवळपास निम्मं, ११-१२ मायक्रॉन. गेजवर +५० दिसलं, त्याने +३० धरलं, पास केलं. खरं माप +३८, म्हणजे ३५ च्या पुढे; नो-गो (शिरता कामा नये तो गेज) आत जातो. बोअर मोठा झाला की जॉब थेट भंगारात. आकडा पाठ होता, तो कशाचा हे कुणी सांगितलंच नव्हतं.

(बॉयलर अटेंडंट, वायरमन यांना कागद कायद्यानेच लागतो. तिथे हा वादच नाही.)

बाकी ठिकाणी मुलाखत टेबलावर नको, मशीनवर घ्या. पातळ भिंतीची रिंग तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, आवळून बोअर करायला द्या. चकमध्ये गोल असते, सोडली की तीन बाजूंनी फुगते. दोन टोकांचा बोअर गेज सगळीकडे जवळपास सारखंच माप दाखवतो, प्लग गेज (भोकात घालून बघायचा गोल दांडा) मात्र अडतो. असं का, ते विचारा. जो लगेच सॉफ्ट जॉ (जॉबच्या आकाराला कोरून घेतलेले मऊ जबडे) मागतो आणि प्रेशर उतरवतो, तो सेटर. जो तीन टोकांचा गेज मागतो, तो क्वालिटीला. दोन्ही सांगणारा सापडला तर त्याचं मार्कशीट बघायच्या आधी पगार विचारा.

आणि टर्नरला जन्मभर 'ऑपरेटर' ठेवून सही मात्र कालच्या पोराची, हे बंद करा. इन्स्पेक्शन शीटवर जॉबच्या तापमानाचा एक रकाना वाढवा, ऑफसेटचा अधिकार त्यालाच द्या. तापमान जॉबला टेकवून मोजणाऱ्या प्रोबनेच घ्या, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड गन बरंच कमी दाखवते.