"मोठ्याने बोला" म्हणे! ते फॉरवर्ड एकदा तपासूया

'कमी ऐकू येणाऱ्या पेशंटसाठी सिस्टर्सना टिप्स' हे फॉरवर्ड आज तिसऱ्या ग्रुपवर आलं. मोठ्याने बोला, मान हलवली की समजलं असं धरा, कानाचं मशीन हरवू नये म्हणून घरच्यांकडे देऊन टाका, आजाराची हिस्ट्री मुलाकडून घ्या. वॉर्डात काम करणाऱ्याने लिहिलेलं वाटत नाही.

१) ओरडून काही होत नाही हो. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी बारीक आवाज जातात, स, श, फ असले, आणि ओरडल्यावर वाढतात ते स्वर, म्हणजे 'सात वाजता' काय नि 'आठ वाजता' काय, त्यांना सारखंच. शिवाय बऱ्याच जणांना हळू बोललेलं कळत नाही आणि जरा आवाज चढवला की कानठळ्या बसतात, मग आजी म्हणतात "अंगावर कशाला येतेस गं". समोर बसा, उजेड आपल्या तोंडावर हवा, सावकाश बोला. मास्क काढता येत नसेल तर कागदावर ठळक लिहा, चष्मा लावलाय ना तेही बघा.

२) मान हलवणं. नाईटला एक शुगरचे आजोबा होते.
"गोळी घेतली का?"
"हो."
"किती?"
"दोन."
मी केसपेपरवर लिहिणार तेवढ्यात म्हणाले, "आमटीबरोबर." पोळी ऐकली होती त्यांनी! तेव्हापासून हो-नाहीवर भागेल असा प्रश्नच विचारत नाही, 'कुठली गोळी, कधी, तुम्ही सांगा' असं विचारते आणि समजावलेलं त्यांच्याकडूनच वदवून घेते.

३) मशीन घरी गेलं की पेशंट प्रश्नाला भलतंच उत्तर देतो आणि आपण 'कन्फ्युज्ड' लिहून मोकळे. एमआरआयला काढा, बाकी जागेपणी कानातच राहू दे. लावूनही ऐकू येत नसेल तर बॅटरी आणि कानातला मळ आधी बघा.

४) मुलाला विचारा, पण नंतर. लघवीचं, दारूचं कोण मुलासमोर खरं सांगणार? आणि मुलगा "वय झालंय" म्हणाला तरी ऐकू येईना कधीपासून ते विचाराच, दोन-तीन दिवसांत अचानक एका कानाचं गेलं असेल तर त्याच दिवशी ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, स्टेरॉईड द्यायचं तर उशीर परवडत नाही. अमिकासिन हे अँटिबायोटिक कानाला इजा करू शकतं, ते चालू असलेला पेशंट कानात गुंई होतंय म्हणाला तर पुढचा डोस लावायच्या आधी डॉक्टरांना फोन.