रिंगेला नेलपॉलिश लावणाऱ्यांनो, जरा थांबा

‘जुन्या रॉडची झिजलेली रिंग बदलू नका, दहा रुपयांत नव्यासारखी करा’ असा एक मेसेज गळवाल्यांच्या ग्रुपांमधून फिरतोय. रिंग म्हणजे गळाच्या रॉडवर बांधलेलं कडं, त्यातून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, जाते. चार वेळा आला, चारही वेळा गप्प बसलो. पाचव्यांदा तो माझ्या दारातच आला, भाच्याच्या बगलेत, दोन तुकडे होऊन. गंगाखेडहून सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेलं पोरगं. “मामा, कामून मोडला हा? मी तर नुसता तापवला होता.”

नुसता! म्हणून आधी तापवण्याचंच घेतो, बाकीचं मागून.

मेसेज म्हणतो, रिंग गॅसच्या बारीक आचेवर धरा, ती काठीला बांधलेला दोरा ब्लेडनं कापा, रिंग अलगद हातात येते. येते की, रॉडचा जीव घेऊन येते. रॉडची काठी म्हणजे काचेचे नाहीतर कार्बनचे तंतू, रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक झालेल्या चिकट रसात, घट्ट बसवलेले. आचेला तंतू टिकतात, रेझिन टिकत नाही. भाच्याचा रॉड मोडला तिथं वरचं वार्निश फुगून तपकिरी झालं होतं आणि खाली तंतू शेवग्याच्या शेंगेसारखे सोलून निघाले होते. शेजारीच ब्लेडची एक आडवी रेघ, काठीभोवती अर्धी फिरलेली. रॉड वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि यानं नेमका तोच कापला. मग काय, किलोभराची चिलापी पुरली.

रिंग काढायची असते ती अशी. ब्लेड काठीवर टेकवायचंच नाही. रिंगेचा जो चपटा पाय दोऱ्याखाली गेलेला असतो, त्या धातूच्या पायावरून, लांबीच्या दिशेनं चीर द्यायची. ब्लेड घसरलं तरी धातूवर घसरेल. दोऱ्यावरचं इपॉक्सी, म्हणजे चिकट लेप, कडक वाटलं तर केस वाळवायच्या ड्रायरनं कोमट करायचं, नखानं दबेल इतपतच. पाय मोकळा झाला की उरलेला दोरा उलगडत येतो. अर्ध्या तासाचं काम आहे, मेसेजसोबतच्या व्हिडिओतल्यासारखं अर्ध्या मिनिटाचं नाही.

एक मात्र कबूल करावं लागेल. टोकाच्या रिंगेला उष्णता द्या म्हणतात ते खरं आहे. तिच्या नळीत बहुतेक वेळा वितळणारा गोंदच असतो. पण त्याला उकळतं पाणी पुरतं. टोक थोडा वेळ पाण्यात धरायचं आणि सरळ ओढायचं, पिळायचं नाही. गॅस कशाला पाहिजे?

कापसाचा बोळा रिंगेतून फिरवून बघा, तंतू अडकले तर खाच पडली समजा, हेही बरोबर सांगितलंय. आपल्याकडं कापसाला काय तोटा? पण पुढचा सल्ला बघा: ‘खाचेला पॉलिश पेपर मारा, वर नेलपॉलिशचे दोन हात द्या.’

याला उत्तर मोहसच्या मापात आहे. १८१२ मध्ये फ्रीडरिश मोहस या जर्मन माणसानं खनिजांना कठीणपणाचे १ ते १० क्रमांक लावले. जास्त क्रमांकवाला कमीवाल्याला ओरखडतो, बस. आपली गारगोटी तिथं ७ वर आहे. गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, वाळूत तिचा चुरा असतो, ओल्या तंगुसाला तो चिकटतो आणि प्रत्येक फेकीला रिंगेतून कानशीसारखा फिरतो. साध्या स्टीलच्या रिंगेत खाच पडते ती अशी. चांगल्या रिंगेत ॲल्युमिनियम ऑक्साइडचं कडं असतं, म्हणजे माणकाच्याच जातीचं, क्रमांक ९. गारगोटी त्याचं काही वाकडं करू शकत नाही. आता या मापावर नेलपॉलिश कुठं बसवता? ते नखानं खरवडून निघतं, आणि नख आहे साधारण अडीचवर. पॉलिश पेपरनं उरलासुरला क्रोमचा मुलामा जातो आणि खालचा मऊ धातू उघडा पडतो. सिरॅमिकचं कडं असेल तर त्याला बहुधा खाच पडत नाही, तडा जातो. तडा पेपरनं बुजत नसतो. दोन्हींवर उपाय एकच, रिंग बदला.

‘दोऱ्याऐवजी मोटारीच्या वाइंडिंगची तार गुंडाळा.’ गावोगावी मोटारी भरणारे असल्यानं ही अक्कल सुचली असावी. काठावर रिंग सुटली तर संध्याकाळपुरतं ठीक. कायम ठेवली तर काठी वाकते, तार वाकत नाही, आणि कडेला रुतते.

‘मधली एखादी रिंग नसली तरी चालतं.’ नाही चालत. मासा ओढायला लागला की तंगूस काठीला घासतो आणि वाक एकाच जागी येतो.

भाच्याचा सात फुटांचा रॉड आता सहाचा झालाय. मोडलेला भाग बारीक दातांच्या करवतीनं साफ कापला. तिथं काठी जाड, म्हणून टोकाची जुनी रिंग बसेना. ड्रिलचे बिट पत्र्यातल्या भोकांत फिरवून माप काढलं, मोठ्या नळीची रिंग आणली आणि ग्लू गनच्या कांडीनं चिकटवली. शेजारची रिंग नायलॉन दोऱ्यानं बांधून दोन भागांच्या इपॉक्सीचा पातळ हात दिला. तो सुकेपर्यंत रॉड सारखा फिरवत राहावा लागतो, नाहीतर ओघळ एका बाजूला गोळा होतो. ते फिरवायचं काम भाच्यालाच दिलं. मोबाइल माझ्या खिशात ठेवून.