ब्रिक लेनवरचे ‘इंडियन’ जेवण आणि आमचा कट्टा

गेल्या शनिवारी संध्याकाळी कर्वेनगरातल्या आमच्या नेहमीच्या पारावर वाद पेटला तो एका जेवणावरून. आमच्यातला अभियंता मित्र कंपनीच्या कामासाठी चार महिने लंडनला राहून नुकताच परतला आहे. तिथल्या एका इंग्रज सहकाऱ्याशी त्याची चांगली मैत्री जुळली होती, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्या सहकाऱ्याने त्याला मोठ्या अगत्याने पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनवरच्या एका ‘इंडियन’ उपाहारगृहात जेवायला नेले. पाहुणा भारतीय आणि यजमान इंग्रज असूनही मेन्यू कार्ड यजमानानेच हातात घेतले. आधी पापडांची चळत आणि सोबत चार वाट्यांमधून आंब्याची गोड चटणी, चिरलेला कांदा, पुदिन्याचे दही आणि लिंबाचे लोणचे. मग चिकन टिक्का मसाला, विंदालू, रंगीत शितांचा पुलाव आणि नान. कोणता पदार्थ किती तिखट, कशाबरोबर काय खावे, हे तो आमच्या मित्रालाच समजावून सांगत होता.

‘‘आणि त्यातले एकही माझ्या ओळखीचे नव्हते,’’ अभियंता म्हणाला. ‘‘टिक्का मसाला गोड होता, विंदालूत बटाट्याच्या फोडी होत्या, यादीत ‘मद्रास’ नावाची एक करी होती आणि मालकापासून वाढप्यापर्यंत सगळी माणसे बांगलादेशी होती. मग पाटीवर ‘इंडियन’ कशासाठी लिहायचे? आपल्या नावावर खपवलेले हे बनावट जेवण आहे, आणि तो बिचारा सहकारी आयुष्यभर त्यालाच भारत समजत आला आहे.’’

वकिलाने त्याची बाजू लगेच उचलून धरली. दुसऱ्याच्या नावावर आपला माल विकणे याला कायद्यात काय म्हणतात ते त्याने सांगितले, आणि पैठणीला किंवा देवगडच्या हापूसला जर नावाचे संरक्षण मिळते तर एका देशाच्या स्वयंपाकाला का मिळू नये, असा त्याचा सवाल होता.

मला हे पटले नाही, आणि ते मी तिथेच सांगितले. ज्या जेवणाला आपण बनावट म्हणतो आहोत, त्याचा इतिहास आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. लंडनमध्ये हिंदी माणसाने चालवलेले पहिले भोजनगृह १८१० साली पोर्टमन चौकाजवळ उघडले. ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ हे त्याचे नाव, आणि मालक होता पाटण्यात जन्मलेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरी केलेला शेख दीन महंमद. हुक्का आणि हिंदी पद्धतीचे जेवण ही तिथली खासियत होती, आणि ते बेतलेले होते हिंदुस्तानात नोकरी करून परतलेल्या साहेबलोकांसाठी. दोनच वर्षांत, १८१२ मध्ये, त्याचे दिवाळे निघाले. पुढे १९२६ साली एडवर्ड पामर याने रीजंट स्ट्रीटजवळ ‘वीरस्वामी’ उघडले आणि ते सधन वर्गात नावारूपाला आले. मात्र ज्या साध्या, गल्लीबोळांतल्या ‘करी हाउस’मध्ये आमचा मित्र जेवला, त्यांची परंपरा याहून निराळी आहे. ती उभी केली आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या खलाशांनी.

हे खलाशी कलकत्ता बंदरातून ब्रिटिश जहाजांवर चढत आणि त्यांतले बरेच जण तळाशी, इंजिनाच्या भट्टीत कोळसा ओढण्याचे काम करीत. त्या उष्णतेला आणि मारहाणीला कंटाळून कित्येक जण लंडनमध्ये जहाज सोडून पळाले आणि उपाहारगृहांच्या मोऱ्यांत भांडी घासू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्यापैकी काहींनी पडीक, बाँबहल्ल्यात मोडलेली छोटी खाद्यगृहे स्वस्तात घेतली. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून जुने तळलेले मासे आणि बटाट्याचे काप तसेच चालू ठेवले, त्यांच्या शेजारी करी-भात ठेवला आणि मद्यालये बंद झाल्यावर भुकेल्या पोटी बाहेर पडणाऱ्या माणसांसाठी रात्री उशिरापर्यंत दार उघडे ठेवले. त्या गिऱ्हाइकाला सिल्हेट कुठे आहे हे ठाऊक नव्हते, ‘इंडिया’ मात्र ठाऊक होता. पहिल्या पाट्या लागल्या तेव्हा सिल्हेट हिंदुस्तानातच होते. १९४७ मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि १९७१ मध्ये बांगलादेशात आले. एका आयुष्यात तीन देश झाले म्हणून दुकानाची पाटी तीनदा बदलायला हवी होती, असे म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही.

वकील म्हणाला, ‘‘पाटीचे मी सोडतो, पण जेवणाचे काय? कोर्मा, मद्रास आणि विंदालू ही तीन वेगळ्या प्रांतांची नावे घेऊन त्यांनी तिखटाच्या तीन पायऱ्या करून टाकल्या. एकच रस्सा, त्यात साय घातली की कोर्मा आणि तिखट घातले की मद्रास, हा स्वयंपाक झाला का?’’

त्याचे वर्णन चुकीचे नाही. तिथल्या मुदपाकखान्यात सकाळी पोतेभर कांदा उकळून, वाटून एक पातळसर मूळ रस्सा करून ठेवतात आणि रात्री प्रत्येक पदार्थ त्याच्या आधाराने दहा मिनिटांत उभा करतात. पण हीच पद्धत मी पुण्यात डोळ्यांनी पाहिली आहे. ऐन उमेदीत मी सहा वर्षे शहरातल्या एका मोठ्या हॉटेलचे हिशेब लिहीत होतो आणि माझे टेबल भटारखान्याच्या दाराशी होते. सकाळी नऊला वस्ताद यायचे. कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि हळद-कांद्याची पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या मोठमोठ्या पातेल्यांत दुपारपर्यंत तयार व्हायच्या, आणि रात्री कॅप्टनने आणलेल्या कागदावर पनीर बटर मसाला लिहिलेले असो की काजू करी, त्या तिन्हींच्या कमीअधिक मेळातून ते ताट बाहेर पडायचे. साठ-सत्तर पदार्थांची यादी, वीस मिनिटांत टेबलावर आणि रोज तीच चव, हे सांभाळायचे तर दुसरा मार्गच नाही. घरी आपण चार माणसांसाठी एक भाजी करतो; हॉटेलवाला दोनशे माणसांसाठी सत्तर भाज्यांची तयारी ठेवतो आणि त्यातली कोणती मागितली जाईल हे त्याला सायंकाळी सातपर्यंत माहीत नसते. मला तरी यात मोठे कसब दिसते, आणि त्याला लबाडी म्हणणाऱ्याने एकदा शनिवारी रात्री त्या भट्टीपाशी उभे राहून पाहावे.

शिवाय आपण ज्याला बेधडक ‘पंजाबी’ म्हणतो तेही बरेचसे हॉटेलातच जन्मले. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ थाटले. बटर चिकन त्यांच्याच भट्टीतून निघाले असे मानले जाते, आणि त्याचे श्रेय नेमके कोणाचे यावर त्या घराण्यांच्या वारसांमध्ये २०२४ पासून दिल्ली उच्च न्यायालयात दावा चालू आहे. पुण्यातल्या माझ्या त्या हॉटेलात ‘पंजाबी’ भाज्या करणारे वस्ताद गढवालचे होते, तंदूरवर नेपाळी मुलगा होता आणि वाढपी ओडिशाचे. आपण कधी पाटीवर आक्षेप घेतला नाही.

इथपर्यंत मला वाटत होते की बाजू माझीच वरचढ आहे. तेवढ्यात आतापर्यंत गप्प बसलेला आमचा म्हापशाचा मित्र बोलू लागला.

तो म्हणाला, ‘‘तू कसबाचे सांगितलेस ते मान्य आहे. पण माझ्या आईचा विंदालू म्हणजे डुकराचे मांस, लाल सुक्या मिरच्या, भरपूर लसूण आणि माडाच्या सुरेपासून केलेला शिर्का. तो आदल्या दिवशी करून मुरवत ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते. त्याचा आंबटपणा हाच त्याचा जीव. त्यात बटाटा घालतात तो केवळ नावातल्या ‘आलू’मुळे, आणि चार मित्रांनी पैज लावून घाम पुसत खायचा पदार्थ असे त्याचे रूप करून ठेवतात, तेव्हा माझ्या घरातली एक वस्तू कोणीतरी विद्रूप केली असे मला वाटते. त्याचे उत्तर तुझ्या तीन पातेल्यांत नाही.’’

मी त्याला म्हणालो की विंदालू हा शब्दच पोर्तुगिजांच्या ‘विन्या द’आल्युश’ या, द्राक्षमद्य आणि लसणात मुरवलेल्या मांसाच्या पदार्थावरून आला. गोव्याने मद्याच्या जागी सुरेचा शिर्का घातला, आणि मिरची तर अमेरिकेतून आलेली. मग बदल तिथे चालला आणि इथे का चालत नाही?

त्यावर त्याने जे उत्तर दिले ते मला अजून खोडता आलेले नाही. ‘‘गोव्यात तो बदलला तो खाणाऱ्यांनी स्वतःच्या चुलीवर, स्वतःच्या मुलांसाठी. लंडनमध्ये तो बदलला तो दुसऱ्याला विकण्यासाठी, आणि ज्यांनी बदलला त्यांनी तो कधी स्वतःच्या ताटात घेतला नाही. डुकराचे मांस तर त्यांना वर्ज्यच. हा फरक तुला दिसत नाही का?’’

फरक दिसतो. माझे आजोळ कोल्हापूरचे आहे. तिथे घरोघरी कांदा-लसूण चटणी आहे, तांबडा आणि पांढरा रस्सा आहे, पण हॉटेलात मिळते तशी ‘व्हेज कोल्हापुरी’ माझ्या आजीने कधी केलेली मला आठवत नाही. जाळ काढणारी कोणतीही मिश्र भाजी म्हणजे कोल्हापुरी, हे समीकरण सगळीकडे पाहून मलाही वाईट वाटते. नावाला एक घर असते आणि ते घर पुसले जाऊ नये, एवढे म्हापशाच्या मित्राचे म्हणणे मी त्याच क्षणी मान्य केले.

परंतु त्याच्याच बोलण्यात एक गोष्ट होती, जिच्याकडे आमच्यापैकी कोणीच नीट पाहिले नव्हते. करणारा माणूस स्वतः ते खात नाही. मग तो खातो तरी काय? माझ्या हॉटेलात दुपारी साडेतीनला दारे बंद झाली की वस्ताद वेगळ्या पातेल्यात गहतची म्हणजे कुळथाची दाळ आणि भात शिजवीत, आणि सगळा भटारखाना जमिनीवर बसून तेच जेवत असे. सहा वर्षे मीही त्यांच्या पंगतीला बसलो. त्या दाळीइतके चवदार काही मी त्या हॉटेलात खाल्ले नाही, आणि ती मेन्यू कार्डावर कधीही नव्हती. सिल्हेटच्या माणसांकडेही त्यांचे स्वतःचे जेवण आहे: नदीचे मासे, सुकट, आणि मांसात किंवा माशात घालायचे सातकरा नावाचे जाड सालीचे, कडवट-आंबट लिंबूवर्गीय फळ. पन्नास-साठ वर्षे त्यांनी इंग्लंडला जेवू घातले, २००१ साली त्या देशाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्याला ब्रिटनचा खराखुरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले, आणि एवढ्या काळात बहुतेक ठिकाणी सातकरा मागच्या खोलीतच राहिला. तक्रार करण्याचा पहिला हक्क कोणाचा असेल तर तो त्या आचाऱ्याचा आहे. आपले नाव निदान पाटीवर तरी लागले. त्याचे कुठेच लागले नाही. हे मी जरा चढ्या आवाजातच बोललो, आणि त्याबद्दल मला खंत नाही.

वकील काही बोलला नाही. अभियंता बराच वेळ रिकामा ग्लास हातात फिरवत होता. मग त्याने त्या रात्रीची एक गोष्ट सांगितली, जी त्याने आधी वगळली होती. बिल येण्याच्या सुमारास सहकारी बाहेर फोनवर बोलायला गेला होता. वाढपी वयस्कर होता. तो टेबल आवरता आवरता थांबला आणि मोडक्या हिंदीत विचारू लागला की साहेब हिंदुस्तानातले का, आणि जेवण आवडलेले दिसत नाही. मग तो म्हणाला की आतमध्ये आमच्यासाठी मासा-भात केला आहे, थोडा आणू का. आतल्या दारातून त्याचा वास येतही होता.

‘‘मला वाटले, बिल वाढवण्याची युक्ती असेल,’’ अभियंता म्हणाला. ‘‘मी नको म्हटले.’’

म्हापशाच्या मित्राने मासा कोणता होता ते विचारले.

‘‘मी विचारलेच नाही,’’ तो म्हणाला.