डोंगराला आपली ओळख सांगा

जळगावहून दहा-बारा जणांचा ग्रुप करून पेरूतल्या इंका ट्रेलला, म्हणजे माचू पिक्चू या इंकांच्या जुन्या शहरापर्यंतच्या चार दिवसांच्या डोंगरवाटेला, निघणाऱ्यांनी सगळ्यात आधी परवान्याची काळजी सोडून द्यावी. तिथलं सरकार दिवसाला 500 माणसंच वाटेवर सोडतं आणि त्यात पोर्टर, स्वयंपाकी, गाईड सगळे आले. पाहुण्यांच्या वाट्याला उरतात जेमतेम 200 जागा. मे ते ऑगस्टच्या जागा कित्येक महिने आधीच भरतात. भरू द्या. वेटिंगचं तिकीट कन्फर्म करून देणारा माणूस आपल्याकडे भुसावळला आहे, ट्रेलजवळच्या कुस्को शहरातही कोणीतरी निघेलच. फेब्रुवारीत वाट दुरुस्तीसाठी बंद असते, तेव्हा गर्दी टाळायला तोच महिना धरा.

परवाना पासपोर्टच्या नंबरावर निघतो. म्हणून एजंटला व्हॉट्सॲपवर नुसतं ‘पिंटूभाऊ + 11’ एवढं पाठवा. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर जुना कपाटातच राहू द्या. वाट सुरू होते त्या किलोमीटर 82 च्या नाक्यावर परवान्यावरचा जुना नंबर ताडून बघतात, तेव्हा गंमत येते. कोणी ऐनवेळी गळालं तर त्याच्या जागी मेहुण्याला न्या. परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही, पण मेहुणा काय परका आहे का भो?

सराव मेहरूण तलावाभोवती करावा. सपाट आहे, आणि तिसऱ्या फेरीनंतर कचोरी मिळते. पाठीवर सहा-सात किलो घेऊन लळिंगचा किल्ला चढा-उतरायच्या भानगडीत पडू नका, कारण त्याने उतरायची सवय लागते आणि या वाटेवर गुडघे उतारावरच जातात. बूट विमानतळावर जाताना पहिल्यांदा घाला, तेही अगदी बोटाला बोट भिडणारे. तिसऱ्या दिवशी हजारेक मीटर दगडी पायऱ्या उतरताना अंगठ्याची नखं कशी काळी पडतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल.

आता उंची. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, कुस्को 3,400 वर. लिमाहून विमान दीड तासात तिथे टाकतं. दोन-तीन दिवस थांबावं, जमल्यास पहिल्या रात्री 2,800 मीटरवरच्या ओयांतायतांबोला उतरून झोपावं, असं समजूतदार लोक सांगतात. आपल्या रजा मोजक्या. तुम्ही उतरल्या रात्री पार्टी करा आणि सकाळी चालायला लागा. डोकं ठणकलं, मळमळलं, झोप उडाली की सगळ्यांनी एकमुखाने ‘पित्त झालंय’ म्हणावं आणि लिंबू-सोडा पाजावा. चालताना झोक जायला लागला तर तो दमलाय म्हणून वरच्या मुक्कामापर्यंत ओढून न्यावा. अशा माणसाला लगेच खाली उतरवतात, पण मग ग्रुप फोटोत एक कमी दिसतो. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेण्यात काय मजा? खिंडीत पोचल्यावर शेजाऱ्याच्या पाकिटातून एक मागून घ्या. सल्फाची ॲलर्जी आहे की नाही तेही तिथेच कळेल. त्या गोळीमुळे रात्री चार वेळा लघवीला तंबूबाहेर जावं लागलं की बाहेर किती गारठा आहे तेही कळेल. मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा 45 ला असतो, तिथे तेव्हा हिवाळा. सुती कुर्ता आणि जीन्स पुरे.

सामानाचं मात्र नीट ऐका. वाटेवरच्या वाय्याबांबा गावाच्या पुढे खेचरं नाहीत. तंबू, गॅस, भांडी सगळं माणसांच्या पाठीवर. एका पोर्टरवर 20 किलोच्या वर घालता येत नाही आणि नाक्यावर काटा लावतात. तुमच्या वाट्याला साधारण सात किलो येतात, त्यातले तीन स्लीपिंग बॅग आणि मॅटचे. उरलेल्या चार किलोंत कळण्याचं पीठ, लोखंडी तवा, बिबडे, ठेचा आणि खलबत्ता बसवावा. ठेचा मिक्सरचा असता तर खलबत्ता लागला नसता, पण शिस्त ती शिस्त. तुरीची डाळही घ्या, कुकर तेवढा विसरा. 4,200 मीटरवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ सकाळपर्यंत टणटणीत राहते आणि वरणबट्टीतली नुसती बट्टी खाऊन निघता येतं.

दुसऱ्या दिवशी वाय्याबांबाच्या तीन हजार मीटरवरून 4,215 मीटरच्या वार्मीवान्युस्का खिंडीत चढायचं. नावाचा अर्थ ‘मेलेली बाई’. हे घरी आईला सांगू नका. पहिला तास पळत काढा, ढोल असला तर वाजवा. मागून ओझ्याचा पोर्टर आला की डोंगराच्या अंगाला सरकून वाट देतात. तुम्ही दरीच्या अंगाला उभे राहा, सेल्फी तिथूनच चांगली येते. काठीच्या टोकाला रबर लावू नका. पाचशे वर्षं टिकलेल्या पायऱ्यांवर आपलीही एखादी खूण राहायला नको?

चौथ्या दिवशी इंती पुंकूच्या दारातून माचू पिक्चू दिसतं, किंवा ढग दिसतात. ढग असले तर गाईडला झापा. आत खाणं न्यायला मनाई आहे, तेव्हा शेव-मुरमुरे तिथेच काढावेत. भिंतीवर नाव लिहिण्यात मात्र उशीर झालाय: 1911 मध्ये अमेरिकन संशोधक बिंगहॅम पोचला तेव्हा तिथे लिझार्रागा नावाच्या माणसाने 1902 साल घालून आपलं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. आपल्या अजिंठ्यात, दहाव्या लेण्याच्या खांबावर, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 मध्येच ती हौस भागवली.

परतताना कोकाची पानं खिशात असू द्या. तिकडे चहात टाकतात, इकडे अमली पदार्थांच्या कायद्यात बसतात. आणि पीतज्वराची लस, जी निघण्याच्या दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात टोचून दाखला घ्यायची असते, ती राहिलीच असेल. हरकत नाही. पेरूहून थेट परतणाऱ्याकडे दाखला नसला तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. सहा दिवस आहेत, आपली कोणाकोणाशी ओळख आहे ते तिथल्या अधिकाऱ्याला सावकाश सांगा.