दुप्पट पैसे भरून सांगतो, बेथपेजबद्दलचा तो मजकूर चुकीचा आहे

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी परवा एक लांबलचक मजकूर पुढे ढकलला. वर ‘आला तसा पाठवतोय’ ही नेहमीची ढाल. तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपांवर मिळाला, म्हणजे बराच फिरलेला दिसतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक या सरकारी गोल्फ कोर्सवर २००२ साली यूएस ओपन ही मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, भरली आणि ‘आता मेजर स्पर्धा सामान्य माणसाच्या अंगणात आली’ असा डांगोरा पिटला गेला. पण ती सगळी जाहिरातबाजी. पब्लिक कोर्सवर मेजर भरवायची टूमच तेव्हा निघाली, असले कोर्स मेजरच्या लायकीचे नसतात, खेळाडू नाराज असतात, डागडुजीचा खर्च करदात्यांच्या बोडक्यावर बसतो आणि एवढं होऊन सामान्य माणसाला तिथं पाऊलही ठेवता येत नाही.

मी न्यू जर्सीत राहतो, गोल्फ भिकार खेळतो आणि बेथपेज ब्लॅकवर खेळून आलोय. त्यामुळे गप्प बसवत नाही.

सुरुवात ‘टूम २००२ साली निघाली’ इथून करू. यूएस ओपन १९७२ साली पेबल बीचला झाली होती आणि जॅक निकलसने जिंकली होती. तिथं पैसे मोजणारा कुणीही खेळू शकतो, सभासद असावं लागत नाही. पाइनहर्स्टलाही तसंच, तिथं १९९९ साली झाली. २००२ मध्ये नवीन होतं ते एवढंच, की ज्या कोर्सचा मालकच सरकार आहे अशा ठिकाणी यूएस ओपन पहिल्यांदा भरली. मजकूर लिहिणाऱ्याने ‘मालकी’ हा शब्द गाळला आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला.

आणि अमेरिकेचंच कशाला घ्यायचं? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ‘द ओपन’ ही ब्रिटनमधली मेजर १८७३ पासून भरतेय. २०२२ साली तिथली तिसावी झाली. ही जमीन गावाची. १५५२ च्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपने स्वतःकडे ससे पाळायचा हक्क घेतला आणि त्याच कागदात गावकऱ्यांचा गोल्फ खेळायचा हक्कही मान्य केला. पुढे अठराव्या शतकाच्या शेवटी नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली, ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे आली आणि गोल्फवाले व ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. १८९४ साली गावाने संसदेचा कायदा करून घेऊन जमीन परत मिळवली. आज एक ट्रस्ट तिचा कारभार पाहतो. कोर्सच्या काठावरची ती प्रसिद्ध दगडी इमारत ज्या क्लबची आहे, त्या क्लबच्या मालकीचा हा कोर्स नाही, हे बऱ्याच गोल्फवाल्यांनाही ठाऊक नसतं. एरवी रविवारी कोर्स बंद असतो आणि लोक फेअरवेवरून, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावरून, कुत्री फिरवतात. तेव्हा टूम काढायचीच असेल तर ती दीडशे वर्षांपूर्वीची काढा.

दुसरा मुद्दा दर्जाचा. बेथपेजला पहिल्या टीच्या (सुरुवातीचा फटका मारायच्या जागेच्या) मागे कुंपणावर एक पाटी आहे. हा कोर्स अत्यंत अवघड आहे, फक्त तरबेज खेळाडूंनीच इथं खेळावं, अशा अर्थाची. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि मग पहिलाच चेंडू झाडीत घालवतात. मीही घालवला.

पण माझं सोडा. २००२ मध्ये चार दिवसांच्या खेळानंतर पारच्या, म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांच्या, आत एकच माणूस होता: टायगर वुड्स, २७७, म्हणजे तीन अंडर. दुसरा आलेला फिल मिकलसन बरोबर पारवर आणि बाकी जगातले झाडून सगळे पारच्या वर. शुक्रवारी पाऊस आणि वारा असा होता, की दहाव्या होलवर काही जणांचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, फेअरवेपर्यंतही पोचेना. टीपासून फेअरवे सुरू होईपर्यंत जवळजवळ अडीचशे यार्ड नुसतं उंच गवत. जगातले उत्तम खेळाडू रफमधून, म्हणजे त्या उंच गवतातून, चेंडू उकरत होते. यात कमी दर्जा कुठं दिसला?

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की २०१९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ब्रुक्स केप्काने याच कोर्सवर ६३ आणि ६५ मारून मेजरमधला ३६ होलचा, म्हणजे पहिल्या दोन दिवसांचा, विक्रम केला. मग शेवटच्या दिवशी वारा सुटला, ११ ते १४ अशा सलग चार होलवर त्याने बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) काढल्या आणि सात फटक्यांची आघाडी एकावर आली. जिंकला तो अखेर दोन फटक्यांनी. ब्लॅक शांत असला की फसवतो, एवढंच त्यावरून कळतं.

‘खेळाडू नाराज असतात’ याचा पुरावा म्हणून मजकुरात चेंबर्स बेचं नाव आहे. सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला, काउंटीच्या मालकीचा, वाळू-खडीच्या जुन्या खाणीवर बांधलेला आणि २००७ मध्ये उघडलेला कोर्स. २०१५ ची यूएस ओपन तिथं जॉर्डन स्पीथने जिंकली आणि हो, ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे भाग, वाईट होते. हेन्रिक स्टेन्सनला ते ब्रोकोलीवर पटिंग केल्यासारखे वाटले. पण कारण पाहा. ग्रीनवर फेस्क्यू गवत लावलं होतं, त्यात पोआ हे दुसरं गवत घुसलं. दोन्ही गवतं वेगवेगळ्या वेगाने वाढतात, म्हणून चेंडू उड्या मारायला लागले. पुढे तिथले ग्रीन उकरून पूर्ण पोआचे केले. दोष गवताच्या निवडीचा होता, सातबाऱ्यावर नाव कुणाचं यात नव्हता. उलट खासगी क्लबचं उदाहरण हवं असेल तर बेथपेजपासून त्याच लाँग आयलंडवर पूर्वेकडे जा. शिनेकॉक हिल्स, जुना, प्रतिष्ठित, सभासदांपुरता. २००४ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी तिथला सातवा ग्रीन इतका कडक झाला, की चेंडू थांबेना आणि खेळ चालू असताना मध्येमध्ये त्यावर पाणी मारावं लागलं. २०१८ मध्ये शनिवारी पुन्हा तीच रड. तेव्हा ‘खासगी क्लबांची लायकी नाही’ असा मजकूर कुणी फिरवला नाही.

खर्चाचा मुद्दा सगळ्यात जास्त चिडवणारा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. ब्लॅक १९३६ साली उघडला तो खरोखरच सरकारी पैशातून, महामंदीत बेकार झालेल्या माणसांना काम द्यायच्या योजनेतून. आपल्याकडच्या रोजगार हमीचे रस्ते आणि पाझर तलाव आठवा, तोच प्रकार. आराखडा टिलिंगहास्ट या कोर्स-रचनाकाराचा, जरी उद्यानाचे तेव्हाचे अधीक्षक बरबेक यांचा वाटा किती यावरून अजून वाद चालतात. पुढे साठ वर्षं लोकांनी तो तुडवला. वापर प्रचंड, देखभालीला पैसे नाहीत. नव्वदच्या दशकात बंकरांच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडा ढासळलेल्या आणि गवत टकलावर विरळ केस राहावेत तसं झालेलं.

आता यूएस ओपनसाठी हे सगळं दुरुस्त कुणी केलं? स्पर्धा भरवणाऱ्या यूएसजीएने, स्वतःच्या खिशातून. आकडा तीस लाख डॉलरच्या आसपासचा. रीस जोन्स या कोर्स-रचनाकाराने त्याचं मानधन घेतलं नाही. करदात्याला मिळाला तो दुरुस्त झालेला कोर्स. मजकुरात चित्र बरोबर उलटं रंगवलंय.

तक्रार करायचीच असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्डिंग पार्कची करता येईल. १९९८ साली शेजारच्या ऑलिंपिक क्लबवर यूएस ओपन झाली, तेव्हा हार्डिंगच्या फेअरवेंवर प्रेक्षकांच्या गाड्या लावल्या होत्या! मग शहराने सुमारे एक कोटी साठ लाख डॉलर घालून तो नव्याने उभा केला, त्यावरून गावात भरपूर वाद झाले आणि २०२० मध्ये तिथं पीजीए चॅम्पियनशिप भरली ती कोविडमुळे एकाही प्रेक्षकाविना. कॉलिन मोरिकावा रिकाम्या मैदानात जिंकला. इथं पैसे सार्वजनिक होते आणि ते योग्य जागी गेले का, यावर भांडायला जागा आहे. मजकूरवाल्याला हे उदाहरण सापडलं असतं तर त्याची बाजू जरा बरी दिसली असती.

आता शेवटचं, ‘सामान्य माणसाला पाऊल ठेवता येत नाही’. इथं मी साक्षीदार आहे.

बेथपेजला एकूण पाच कोर्स आहेत, रंगांच्या नावांचे: ब्लॅक, रेड, ब्लू, ग्रीन, यलो. ब्लॅकवर खेळायला दोन वाटा. एक, आगाऊ नोंदणी. त्यात न्यूयॉर्कच्या रहिवाशांना बाहेरच्यांच्या आधी संधी असते आणि चांगल्या वेळा बघता बघता संपतात. दुसरी, गाडीत झोपायचं. वाहनतळात खास या कामासाठी नंबर घातलेल्या जागा आहेत. तुमची गाडी ज्या नंबरवर, तो तुमचा रांगेतला नंबर. पहाटे माणूस येतो, गाड्यांच्या क्रमाने नंबर वाटतो, मग खिडकीपुढे उभं राहायचं. दिवसाच्या अगदी सुरुवातीच्या वेळा अशा रांगेतल्या लोकांसाठी राखून असतात.

मी आणि माझा मावसभाऊ रात्री नऊला पोचलो तेव्हा आमच्यापुढे चार गाड्या होत्या. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, मागच्या सीटवर दोन चादरी. शेजारच्या गाडीतल्या दोघांनी घडीच्या खुर्च्या काढून बिअर उघडली होती. त्यांना दशमी दिली, त्यांनी आम्हाला माहिती दिली: सॉक्सचा जास्तीचा जोड घ्या, दवाने पाय भिजतात. मी रात्रभर मान वाकडी करून झोपलो. एस.टी.च्या रातराणीत बसून पुण्याहून नागपूरला गेलेल्या माणसाला त्यात विशेष काही वाटू नये. सकाळी आमच्या चौकडीत तेच दोघे आले. एक शाळेत शिकवणारा, एक नळांची कामं करणारा. ब्लॅकवर गोल्फकार्ट मिळत नाही, बॅग खांद्यावर टाकून चालायचं. पंधराव्या होलचा ग्रीन डोंगरावरच्या देवळासारखा वर बसलाय, तिथं पोचेपर्यंत मला धाप लागली होती. अकरा चेंडू हरवले. फटके किती झाले ते विचारू नका, तो नळवाला ८८ मध्ये आला.

पैशांचं म्हणाल, तर २००२ च्या स्पर्धेच्या सुमाराला रहिवाशांचा दर आठवड्याच्या मधल्या दिवशी ३१ डॉलर होता. गेल्या काही वर्षांत तो सत्तरच्या घरात गेला. वाढ झाली, नाकारत नाही. मी खेळलो तेव्हा बाहेरच्यांना दुप्पट होता, म्हणजे मला दुप्पट. तरीही ज्या गवतावर टायगर जिंकला तिथं नळाची कामं करणारा माणूस एका दिवसाच्या कमाईच्या आत खेळून जातो. न्यूयॉर्कच्या आसपासच्या खासगी क्लबांच्या दारात त्याला कुणी उभं करणार नाही.

‘पब्लिक’ हा शब्द मात्र ढिला वापरला जातो हे खरं. पेबल बीच पब्लिक, पण एका फेरीचे सहाशे डॉलरच्या वर. विस्कॉन्सिनमधला व्हिसलिंग स्ट्रेट्सही तसाच. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी तिथंच संयुक्त पाचवा आला होता. हे कोर्स कंपन्यांचे, दार उघडं, पण उंबरा सोन्याचा. सॅन डिएगो शहराच्या मालकीचा टोरी पाइन्स वेगळा. २००८ च्या यूएस ओपनमध्ये वुड्सने मोडक्या पायाने, १८ होलची फेरी आणि वर एक होल असा बरोबरी फोडणारा प्लेऑफ खेळून रॉको मीडिएटला तिथं हरवलं. त्या शहराच्या रहिवाशाला तिथं बाहेरच्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात खेळता येतं. या दोन जाती एकाच शब्दात कोंबल्या की काकांच्या मजकुरासारखी खिचडी होते. आपल्याकडे गोल्फ म्हणजे फाटकावरचा सुरक्षारक्षक आणि आत सभासद, एवढंच डोळ्यांपुढे असतं. दिल्लीत लाडो सरायला डीडीएचा (दिल्ली विकास प्राधिकरणाचा) कुतुब गोल्फ कोर्स आहे, सर्वांसाठी खुला, पण तसे किती? म्हणून असा मजकूर आपल्याला चटकन पटतो.

दोन गोष्टी मान्य. स्पर्धेच्या आधी ब्लॅक कित्येक आठवडे बंद राहतो आणि त्या उन्हाळ्यात रोजच्या खेळणाऱ्याची गैरसोय होते. दुसरं, सप्टेंबर २०२५ मध्ये ब्लॅकवरच झालेल्या रायडर कपला (अमेरिका विरुद्ध युरोप) तिकीट दिवसाला साडेसातशे डॉलरच्या आसपास होतं, हे लाज वाटण्यासारखं होतं. आणि प्रेक्षकांनी रॉरी मॅकलरॉयला ज्या शिव्या घातल्या त्या त्याहून वाईट. युरोप १५-१३ ने जिंकलं ते बरं झालं, असं मी अमेरिकेत राहून म्हणतो. पण ते तिकीट सामना बघायचं होतं. खेळायचा दर वेगळा, आणि मजकुरात दावा खेळण्याबद्दल आहे.

हे सगळं मी ग्रुपवर जरा आटोपशीर करून टाकलं, सोबत त्या पाटीपुढचा फोटो. काकांनी अंगठ्याची इमोजी टाकली. तासाभराने विचारलं, “पण तुला दुप्पट का रे? हा अन्यायच की.”

मी लिहिलं, “काका, मी न्यू जर्सीत कर भरतो. कोर्स त्यांचा आहे.”